आमच्याकडे कोणालाच नाही

उदयकाका रसायनीच्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला होते. गेटवर बसून कोण उशिरा आलं ते टिपायचं, हे त्यांचं काम. सगळी नोकरी दुसऱ्यांचा उशीर मोजण्यात गेली आणि निरोपसमारंभात कंपनीने त्यांना घड्याळ दिलं. डोक्यावर दोन पितळी घंटा आणि मध्ये हातोडी असलेलं दणकट गजराचं घड्याळ. ते वाजलं की खालच्या मजल्यावर आमच्या ओट्यावरची भांडी वाजतात. काकांनी ते शोकेसमध्ये ठेवलं नाही. सईच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर ठेवलं, कारण सईला सकाळी गोळी घ्यायची असायची.

गोळी फिटची. सई काकांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी लहान. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिला पहिली फिट आली, गोळी सुरू झाली, आणि त्यानंतर फिट यायच्या त्या बहुतेक सकाळी. घड्याळ वाजायचं, सई दचकून उठून बसायची आणि बसल्या जागी कोसळायची. पांढरीफटक पडायची, हातपाय झटकायची आणि थोड्याच वेळात डोळे उघडून विचारायची, "परत?"

यावर काकांचा निष्कर्ष असा होता, की आमच्या घराण्यात आजारसुद्धा वेळेवर येतो. हे ते विनोदाने म्हणत नसत. डॉक्टरांनी डोस वाढवला, सकाळच्या गोळीला संध्याकाळची जोडली. सई कॉलेजातून येऊन जरा आडवी व्हायची, म्हणून मग संध्याकाळचाही गजर लागला. फिट वाढल्या. डोस पुन्हा वाढला. माणूस मारायची इतकी शिस्तशीर व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

मी चारुता. उदयकाकांचे धाकटे भाऊ इंद्रजीत, त्यांची मुलगी. नवीन पनवेलच्या एकाच सोसायटीत, एकाच विंगमध्ये आम्ही पहिल्या मजल्यावर आणि काका दुसऱ्यावर. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि तळोज्याला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले. एखादी बॅच बिघडली की त्याआधी काय बदललं होतं ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. घरी हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी त्याची गरजही नव्हती, कारण सईच्या आजाराचं कारण काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते कारण म्हणजे कुमुदकाकूचं माहेर.

काकू जासईची. आता तिथे चहूकडे कंटेनरचे ढीग उभे आहेत, पण काकांच्या तोंडी ते अजून 'खाडीकडचं'. काकू ताटात निवट्या माशांचं कालवण वाढते तेव्हा खाडीकडचं चालतं. सईला फिट आली की चालत नाही. "आमचं घराणं घाटावरचं," काका म्हणायचे. त्यातून आमच्या आजीचं माहेर वाईचं. तिथे म्हणे दारात घोडे असायचे. हे घोडे हयात असलेल्या कोणीही पाहिलेले नाहीत, पण घरात कोणाचंही लग्न ठरायला लागलं की बैठकीत ते हजर असतात.

काकांच्या हॉलमध्ये चंद्रावतीआत्याचा फोटो आहे. काकांची आणि बाबांची धाकटी बहीण. सगळे पनवेल गावात भाड्याच्या खोलीत राहायचे तेव्हाची गोष्ट. नरकचतुर्दशीच्या पहाटे गल्लीत पहिला बॉम्ब वाजला, आत्या अंथरुणात दचकून उठली, तशीच मागे पडली आणि गेली. लग्नाच्या वयाची, धडधाकट मुलगी. का गेली, हे कोणी विचारलं नाही. कोणीतरी म्हणालं, "पहिल्या आंघोळीच्या दिवशी मरण आलं, पोरीचा नरक चुकला." एवढ्यावर आमच्या घराण्याचं समाधान झालं. तेव्हापासून दर दिवाळीला पहाटे काका बिल्डिंगखाली जाऊन चंद्राच्या नावाने पहिला सुतळी बॉम्ब लावतात. त्यांच्याआधी सोसायटीत कोणी लावत नाही. लावला तर काका वर्षभर त्याच्याशी पार्किंगवरून भांडतात. ज्या आवाजाने बहीण गेली, तोच आवाज तिला दरवर्षी अर्पण करायचा, यात कोणाला काही खटकलं नाही. मलाही लहानपणी खटकलं नव्हतं. मी कानात बोटं घालून टाळ्या कशा वाजवायच्या या अडचणीत असायचे.

फिटच्या मोठ्या डॉक्टरांकडे एकदा मीही गेले होते. त्यांनी फाइलमध्ये बघत विचारलं, "घरात आणखी कोणाला? कोणी अचानक गेलेलं वगैरे?"

"आमच्याकडे कोणालाच नाही," काका म्हणाले. प्रश्न संपायच्या आत. "हिच्या माहेरचं काय ते हिलाच विचारा."

काकू पदर सारखा करत म्हणाली, "माझ्या भावाला लहानपणी तापात एकदा झटका आला होता."

"हां," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गेटवर उशिरा आलेला माणूस शेवटी सापडला. चंद्रावतीआत्याचं नाव कोणी काढलं नाही. तिला फिट कुठे आली होती? ती तर पुण्यवान होती. सईचे दोन ईईजी झाले, एक एमआरआय झाला. डोक्याचे फोटो सगळ्या बाजूंनी काढून झाले. त्यांत काही सापडलं नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले की न सापडणंही यात असतंच. मानेखाली कोणी उतरलंच नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर सईचं लग्न ठरलं. मुलगा स्वानंद, खारघरला नोकरी, स्वभावाने बरा. साखरपुडा दिवाळीनंतर. मुलाकडच्यांना फिटचं सांगायचं नाही असं काकांनी ठरवलं. विचारलंच तर 'लहानपणी चक्कर यायची' असं सांगायचं. आजार आमच्याकडचा नव्हता, पण लपवायचा मात्र आम्ही होता.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी सई दुपारी आमच्याकडे दिवाणवर झोपली होती. माझा फोन तिच्या उशीजवळ राहिला. कंपनीतून फोन आला आणि तो जोरात वाजला. सई ताडकन उठून बसली. तिने छातीवर हात ठेवला. "ताई, छातीत..." एवढंच म्हणाली आणि आडवी झाली.

मी हाक मारली तशी बाबा आतून आले, वरून काका-काकू धावत उतरले. आणि मग आमच्या घराण्याची वैद्यकीय चर्चा सुरू झाली.

"चप्पल! चप्पल हुंगवा!" काका ओरडले. "ही रबरी कसली आणतोस इंद्रा, चामड्याची लागते! माझी कोल्हापुरी आण वरून!"

"दादा, मी कांदा फोडलाय," बाबा म्हणाले.

"कांद्याने काय होतंय? मागच्या वेळी चपलेनेच उठली."

"मागच्या वेळी कांदाही होता."

मी सईच्या मानेवर बोटं ठेवली होती. कंपनीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देतात, त्यात नाडी कुठे बघायची हे शिकवलं होतं. फिटमध्ये नाडी जोरजोरात धावते, हेही सांगितलं होतं. माझ्या बोटांखाली काहीच नव्हतं. मी बोटं सरकवली, पुन्हा दाबली. काहीच नाही. मग तिचे हात झटके द्यायला लागले. म्हणजे छाती आधी थांबली होती आणि झटके नंतर आले होते. मी तिला खाली जमिनीवर ओढलं, दोन्ही तळवे तिच्या छातीवर ठेवले आणि दाबणार तेवढ्यात मानेवरची शीर उडाली. एक ठोका. मग दुसरा. मग सगळे. सईने डोळे उघडले. तिच्या एका नाकपुडीला कांदा होता आणि दुसऱ्या बाजूने काकांची कोल्हापुरी येत होती.

"परत?" ती म्हणाली.

"बघ, चामड्याचा गुण," काका म्हणाले.

"कांदा आधी पोचला होता," बाबा म्हणाले.

त्या दोघांच्या डोळ्यांदेखत मुलगी मेली आणि परत आली, आणि दोघे श्रेयावरून भांडत होते.

काका-काकू वर गेल्यावर मी सईला विचारलं, "प्रत्येक वेळी आधी छातीत होतं का?"

"हो. फडफडल्यासारखं. पक्षी अडकल्यासारखं. मग काळोख."

"हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. ते म्हणाले, टेन्शन घेऊ नकोस. बाबा म्हणाले, ऐक, टेन्शन घेऊ नकोस. मग मी टेन्शन घेतलं नाही."

"आणि प्रत्येक वेळी काहीतरी वाजलेलं असतं?"

ती जरा विचारात पडली. "बहुतेक वेळा घड्याळ. अगदी पहिल्यांदा घराची बेल. एकदा आपण कळंबोलीला लोखंडवाल्यांकडे ग्रिल बघायला गेलो होतो आणि मी रिक्षात डुलकी काढत होते, तेव्हा ट्रकचा टायर फुटला. चारूताई, मला आवाजाची फिट येते का? असली फॅन्सी असते?"

"तुला फिट येतच नसावी," मी म्हणाले.

"अगं, मग पाच वर्षं मी काय खातेय?"

मी दोन दिवस वाचलं आणि काकांकडे गेले. शांतपणे बोलायचं ठरवून गेले होते. सईच्या हृदयाच्या तालात काहीतरी बिघाड असू शकतो, तो रक्ताच्या नात्यातून येतो, झोपेत अचानक मोठा आवाज झाला की हृदय नुसतं थरथरायला लागतं, मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस पडून झटके देतो. बघणाऱ्याला ते फिटसारखं दिसतं. एक ईसीजी काढला तर कळेल. आणि तोपर्यंत हे घड्याळ बंद करा.

काका घड्याळाकडे बघून म्हणाले, "हे कंपनीने दिलंय."

"म्हणून काय झालं?"

"म्हणजे उगाच दिलेलं नाही. आणि चारू, तू एम.एस्सी. झालीस, डॉक्टर नाही झालीस. डोक्याचा आजार छातीत शोधायचा म्हणजे चष्मा हरवला म्हणून पायात शोधण्यासारखं आहे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काका पेपर आणायला खाली गेल्यावर तिने मला विचारलं, "रक्ताच्या नात्यातून म्हणजे कोणाच्याही?"

"कोणाच्याही. तुझ्या किंवा काकांच्या."

"हं," ती म्हणाली. "उद्या साखरपुड्याची साडी घ्यायला जाऊ. तू, मी, सई." साडीच्या खरेदीला काका कधी आडवे येत नाहीत, तेवढा धाक अजून शिल्लक आहे.

साडी घेतलीच नाही. उड्डाणपुलावरून पनवेलमध्ये उतरलो आणि टपाल नाक्याजवळ डॉक्टर जास्मीन यांच्या दवाखान्यात गेलो. त्या हृदयाच्या डॉक्टर, मूळच्या उरणच्या, आवाज जाड आणि समोर कायम निवलेला चहा. त्यांनी सईचं सगळं ऐकलं, अगदी पक्ष्यापासून टायरपर्यंत. मग ईसीजी काढला, पट्टीवर मोजला आणि पुन्हा एकदा मोजला.

"बेटा, पाच वर्षांत हे कोणीच काढलं नाही?"

"डोक्याचं सगळं काढलं," सई म्हणाली.

"माशाल्ला." त्यांनी कागद टेबलावर पसरला. "हे बघ. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा चार्ज होतं. तुझं चार्जिंग स्लो आहे. यातच कोणी मोठा आवाज करून दचकवलं, की सगळा ताल बिघडतो. याला लाँग क्यूटी म्हणतात. तू वाचलीस, कारण दर वेळी ते आपोआप ठिकाणावर आलं. एखाद्या वेळी येत नाही." मग काकूकडे वळून त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो मोठ्या डॉक्टरांनी फाइलमध्ये बघत विचारला होता. फक्त या डॉक्टर उत्तराची वाट बघत थांबल्या. "ताई, घरात कोणी तरुण माणूस झोपेत, पाण्यात किंवा असंच अचानक गेलंय?"

"चंद्रावन्सं," काकू म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. बॉम्बसुद्धा.

डॉक्टर जास्मीन यांनी चहाचा कप बाजूला सारला. "आणि तो बॉम्ब अजून लावतात?"

"दर दिवाळीला. तिच्या आठवणीचा."

"या अल्लाह," त्या म्हणाल्या. "या, आता तुमचा काढू."

काकूचा ईसीजी साफ आला. "पक्कं रक्ताच्या तपासणीत कळेल," डॉक्टर म्हणाल्या, "पण या कागदावरून तरी तुमच्याकडून आलेलं दिसत नाही. साहेबांना आणा. आणि नुसत्या साहेबांना नाही, त्यांच्या भावांना, पोरांना, सगळ्यांना."

काकूने तो गुलाबी चौकड्यांचा कागद हातात घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. "हा मला मिळेल?"

"फाइलला लागतो."

"मग झेरॉक्स द्या. जासईला पाठवते."

रिक्षात बसल्याबरोबर तिने भावाला फोन लावला. मामाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, "मंग! आमी काय बोललो होतो? आमच्यात नाय ते! तापात झटका आलेला मना, त्याला किती वरसं झाली, अजून दिवालीला तुजा नवरा माज्या ताटाकडं बगत बसतो!"

सईला नवी गोळी सुरू झाली, जुन्या हळूहळू बंद करायच्या ठरल्या. पुढे छातीत यंत्र बसवायचं का ते बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. आणि अचानकचा आवाज वर्ज्य. विशेषतः झोपेत.

त्या संध्याकाळी काकांच्या हॉलमध्ये बैठक झाली. काकूने सांगितलं, मी पुस्ती जोडली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य असं उच्चारलं, "म्हणजे साडी नाही आणली?"

"अहो, मुलीचं हृदय थांबतं," काकू म्हणाली.

"ते ऐकलं मी. गोळी दिली ना? घेऊ दे. पण आमच्याकडून आलं हे कुठून काढलंत? आमच्याकडे कोणालाच नाही."

"आत्या होती," मी म्हणाले.

"चंद्रा पुण्यवान होती म्हणून गेली!"

"मग दचकली कशाला, काका? पुण्याने?"

"चारू," बाबा म्हणाले, "मोठ्यांशी बोलताना..." मग जरा थांबून, "दादा, काढून टाक ना एक ईसीजी. त्यात काय आहे?"

"मग तू काढ आधी."

बाबा पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. (पुढे त्यांनी काढला, मीही काढला, दोघांचे साफ आले, तरी डॉक्टर जास्मीन यांनी रक्ताची तपासणी करायला लावलीच. पण त्या संध्याकाळी माझे वडील बंद पंख्याच्या आश्रयाला गेले होते, हे मी विसरणार नाही.)

शेवटी काकांनी घड्याळ बंद करायला परवानगी दिली. कंपनीने दिलेल्या वस्तूचा अपमान होऊ नये म्हणून त्याला शोकेसमध्ये बढती मिळाली. बॉम्ब मात्र लावणारच. "ते चंद्राचं आहे. सई आधी जागी होईल, खिडकीतून हात दाखवेल, मग लावीन. झालं समाधान?"

सईने स्वानंदला स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. काका बाल्कनीतून खुणा करत होते, ती त्यांच्याकडे पाठ करून बोलत होती. स्वानंदने बराच वेळ प्रश्न विचारले, मग म्हणाला, "मग मी घरी आलो तर बेल कशी वाजवायची?"

"मिस्ड कॉल दे. सायलेंटवर असेल. नशिबात असेल तर उघडेन."

त्याच्या आईने विचार करायला वेळ मागितला. काका म्हणाले, "बघा, मोडलं." सई म्हणाली, "बाबा, मोडलं तर मोडलं. मी मेले तर मोडायलाही काही उरणार नाही."

नरकचतुर्दशीला दर वर्षीसारखी मी उटण्याची वाटी घेऊन वर गेले. बाहेर अजून अंधारच होता. दार सताड उघडं. काकू न्हाणीघरात, हाताला उटणं माखलेलं, तापल्या पाण्याची बादली समोर. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे उघड्या दाराकडे पाहिलं, मग काकांच्या रिकाम्या पलंगाकडे.

"कुठे गेले?"

मी बाल्कनीतून वाकले. काका खाली, नव्या झब्ब्यात, हातात पेटती उदबत्ती. समोर जमिनीवर हिरवा सुतळी बॉम्ब. पलीकडे बी विंगची पोरंही बॉम्ब मांडत होती, आणि काका त्यांच्याकडे असे बघत होते जसे गेटच्या आत पाय ठेवणाऱ्या कामगाराकडे बघावं. सई झोपेत होती. तिची खिडकी बरोबर त्यांच्या डोक्यावर.

"काका! थांबा!" मी ओरडणार होते, पण ओरडले असते तर मीच तिला दचकवलं असतं. काकूला ते माझ्याआधी कळलं. तिने माझ्या तोंडावर उटण्याचा हात ठेवला. "तू आत जा. हळू हात लावून उठव," ती म्हणाली, बादली उचलली आणि वाफाळत्या पाण्यासकट लिफ्टमध्ये शिरली.

मी सईच्या पलंगाशी बसले. तिच्या कपाळावर हात ठेवला, मग खांद्यावर. "सई. उठ गं. दिवाळी आहे." तिने एक डोळा उघडला. "मी नरकात गेले का?" "अजून नाही." मी तिला कानांवर उशी धरायला सांगितलं आणि तिच्या मनगटावर बोटं ठेवली.

खालून आधी काकांचा आवाज आला, "अगं ए! अगं काय करतेस!" मग पाणी सांडल्याचा. मग काकूचा. तिचा आवाज मी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता.

"लावा आता! लावा की!"

"अपशकुन केलास! सणाच्या दिवशी! चंद्राचा..."

"चंद्रावन्संना तुम्ही मारलं नाहीत, तुम्हाला ठाऊक नव्हतं! सईचं ठाऊक आहे! ती हात दाखवेल म्हणालात, कुठे आहे हात?"

"ती पोरं आधी लावत होती!"

"मग लावू दे त्यांना! बी विंगने आधी लावला तर काय घोडे मरतात तुमचे वाईचे?"

कुठेतरी कोणीतरी हसलं. आणि मग बी विंगचा बॉम्ब वाजला.

काच थरथरली. सईचं मनगट माझ्या बोटांखाली उसळलं. एक ठोका चुकला, मग पटापट बरेच पडले आणि मग नीट, ओळीने पडायला लागले. सई माझ्याकडे बघत होती, उशीच्या दोन टोकांमधून डोळे वटारून.

"पक्षी?" मी विचारलं.

"फडफडला," ती म्हणाली. "उडाला नाही."

आम्ही दोघी खिडकीशी गेलो. खाली काका उभे होते. झब्बा कमरेपर्यंत भिजलेला, बोटांत विझलेली उदबत्ती, पायाशी लगदा झालेला बॉम्ब. त्यांनी वर पाहिलं. सईने हात दाखवला. ठरल्याप्रमाणे.

दिवाळी संपल्यावर काका स्वतःच म्हणाले, बीपी दाखवून येतो. बीपी दाखवायला आम्ही चौघं गेलो. डॉक्टर जास्मीन यांनी बीपी घेतलं, ते उत्तम होतं, आणि मग त्यांना ईसीजीसाठी झोपवलं. कागद आला. त्यांनी पट्टीवर मोजला.

"मशीन ठीक आहे ना?" काकांनी विचारलं.

"याच मशीनवर तुमच्या मिसेसचा साफ आला होता. तुमचा सईसारखाच आहे. थोडा कमी. आयुष्यभर तुम्ही पहाटे गजराच्या आधी उठलात, म्हणून निभावलं."

काकांनी हे शांतपणे घेतलं. शर्टाची बटणं लावली. कॉलर नीट केली. मग म्हणाले, "आईकडून आलं असेल. वाईकडून."

काकूने तोंडावर पदर धरला. इतकी वर्षं जासई होती. आता स्वतःच्या आईचं माहेर सापडलं. म्हणजे बायका याच कामासाठी घरात आणायच्या.

"असू शकतं," डॉक्टर जास्मीन अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "मग वाईला आत्ताच फोन करा. तिथे कोणाकोणाची पोरं गजर लावून झोपतात, विचारा. सगळ्यांचा ईसीजी हवा. हे टाळायचं नाही, साहेब. उद्या कोणाचं तरी लेकरू उठणार नाही."

काकांनी मामेभावाला, कृष्णकांतकाकांना, फोन लावला. दिवाळी कशी झाली, पाऊस उघडला का, असं बरंच झालं. मग, "ऐक, इथे एक डॉक्टर आहेत, त्या म्हणतात की तुम्ही सगळ्यांनी छातीचा एक कागद काढून घ्या... सईचं ते... हो, तेच. फिट नाही ती. हृदयाचं निघालं. घराण्यातून येतं म्हणे."

पलीकडचा आवाज मोकळाढाकळा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "अरे, पण ते वहिनींच्या माहेरचं ना? जासईचं? तूच सांगतोस दर वेळी. मग आमचा काय संबंध? आपल्याकडे कोणालाच नाही."

काकांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. डॉक्टर जास्मीन यांनी पेन खाली ठेवलं. सई तिच्या बाबांकडे बघत होती, काकू भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे.

"उदय? आहेस ना रे?"

"आहे," काका म्हणाले. "कुमुदच्या माहेरचं नाही ते. आपल्याकडचं आहे. चंद्रा त्यानेच गेली."



"गजराचं," काकू हळूच म्हणाली. "त्यांना गजराचं सांगा."